फ्रीस्टाइलमध्ये पाय मारूनही पुढे सरकत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

कोकणातल्या माणसाची फ्रीस्टाइल, म्हणजे पालथं राहून आळीपाळीने हात मारत पोहणं, अडते ती बहुतेक वेळा पायांत. आणि तिथे ताकद कमी पडते म्हणून ती क्वचितच अडते. विहिरीत, खाडीत लहानपणापासून पोहलेली, डोंगर चढ-उतार करणारी माणसं माझ्याकडे येतात. त्यांच्या मांड्या दणकट असतात, दमही भरपूर असतो. तरी जलतरण तलावात फ्रीस्टाइल मारायला लागली की अर्ध्यावर पाय खाली जातात आणि माणूस हातांच्या जोरावर स्वतःला ओढत दुसरं टोक गाठतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा असते. दिवाळीनंतर तिची तयारी सुरू झाली की ही तक्रार वाढते. रत्नागिरी-मालवण पट्ट्यातल्या मोठ्या माणसांचा हा दोष मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलोय. त्यातून तपासायचा एक क्रम बसलाय, तो इथे देतो.

लक्षणं

यातलं एक असेल किंवा एकदम तीन-चार असतील:

- कंबर आणि पाय तळाकडे झुकतात, पाठीचा वरचा भाग तेवढा पाण्यावर राहतो.
- बोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून नुसते पाय मारले तर जागच्या जागी राहता. काही जण तर मागे जातात.
- पाणी खूप उडतं, आवाज मोठा होतो, पण अंतर कापलं जात नाही.
- 25 मीटरमध्ये धाप लागते, हात मात्र थकलेले नसतात.
- श्वासाला मान वळवली की दोन्ही पाय फाकतात आणि शरीर डुलतं.
- पोटरीत किंवा तळव्यात गोळा येतो.
- समुद्रात बरं जमतं, तलावात जमत नाही.

एवढं दिसलं की लोक बोर्ड घेतात आणि आणखी जोरात पाय मारतात. तिथेच गाडी चुकते. पायांचे स्नायू शरीरातले सगळ्यांत मोठे, ते वापरले की प्राणवायूही तेवढाच खर्च होतो. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचं काम मुख्यतः हातांचं असतं. पाय शरीर आडवं ठेवतात, तोल सांभाळतात आणि वेगात थोडी भर घालतात. चुकीच्या पद्धतीने मारलेली किक जितकी जोरात माराल तितका तुमचाच ब्रेक घट्ट लागतो. म्हणून आधी कारण शोधायचं, मेहनत मग.

एक चाचणी सुरुवातीलाच करा. मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय वर ठेवणारा तरंगता ठोकळा) धरून, पाय न हलवता 25 मीटर पोहा, आणि मग नेहमीसारखे पाय मारत पोहा. पुल बॉय असताना जास्त सहज आणि जास्त लवकर पोहोचलात, तर तुमचे पाय सध्या मदत करण्याऐवजी अडवतायत. मग पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

डोकं (खर्च शून्य)

पाय बुडतात म्हणून पायांकडे बघू नका, आधी मानेकडे बघा. छातीत हवा असते म्हणून छाती तरंगते. पाय जड असतात म्हणून ते बुडू पाहतात. शरीर तराजूसारखं या दोहोंमध्ये तोललेलं असतं. डोकं वर काढलं की कंबर खाली जाणारच, मग पाय कितीही मारा.

आपल्याकडे ही सवय खोलवर रुजलेली असते. विहिरीत पायरी कुठे आहे ते बघायचं असतं, खाडीत होडी, समुद्रात लाट. डोकं वर ठेवणं तिथे शहाणपणाचंच असतं. तलावात मात्र ते महागात पडतं.

भिंतीला पाय टेकवून ढकला, दोन्ही हात पुढे, तोंड पाण्यात, पाय अजिबात मारू नका. एकदा नजर सरळ खाली तळाच्या फरशीवर ठेवा, एकदा समोरच्या भिंतीकडे बघा. दुसऱ्या वेळी पाय किती लवकर खाली जातात ते तुमचं तुम्हालाच कळेल. नजर खाली आणि किंचित पुढे, पाण्याची रेष डोक्याच्या माथ्यापाशी, एवढं जमलं की निम्म्या लोकांची तक्रार तिथेच हलकी होते.

समुद्रात जमतं आणि तलावात नाही, त्याचंही कारण इथेच आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, ते पाय आपसूक वर धरतं. दोष असतोच, फक्त खारं पाणी तो झाकून घेतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं तेव्हा तिथेही पाय जड वाटायला लागतात. तपासणी करायची तर तलावात किंवा विहिरीतच करा.

कपडे आणि श्वास

खिशाची बर्म्युडा घालून पोहत असाल तर आधी ती बदला. खिशांत पाणी भरतं आणि मांडीला हलायला जागा राहत नाही. नायलॉनची अंगाबरोबर बसणारी जॅमर (गुडघ्यापर्यंतची पोहण्याची चड्डी) किंवा कॉश्च्युम पुरे.

श्वास पाण्यात रोखून धरत असाल तर तेही सोडा. तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडत राहायचं. श्वास कोंडला की मान आणि पोट ताठतं, त्यामागे मांड्या ताठतात, आणि ताठ पाय नीट किक मारू शकत नाहीत. शिवाय वर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही एकदम करावं लागतं, त्यात डोकं पुन्हा उचललं जातं.

घोटा

मागे जाणाऱ्यांचं उत्तर इथे असतं. रत्नागिरीजवळच्या पावस गावाकडचा एक तरुण बोर्ड धरून जीव तोडून पाय मारत होता आणि त्याच्या छातीखालची फरशीची काळी रेष हळूहळू पुढे चालली होती. "सर, मी मागे जातोय का?" त्याने उभं राहून विचारलं. जात होता. त्याचा पाय घोट्यातून काटकोनात उभा होता, आपण जमिनीवर उभे असतो तसा. असं पाऊल खाली आलं की पाणी पुढच्या दिशेला ढकलतं, आणि माणूस मागे सरकतो. यात गूढ काही नाही. पाऊल जिकडे पाणी लोटेल त्याच्या उलट तुम्ही जाणार.

जमिनीवर तपासा. पाय लांब करून बसा, टाचा टेकलेल्या, बोटं पुढे आणि खाली दाबा. बाजूने कुणाला तरी बघायला सांगा. नडगी आणि पावलाचा वरचा भाग जवळजवळ एका रेषेत येतोय का? सर्वसाधारण माणसाचा घोटा असा 40 ते 50 अंश वाकतो. तुमचं पाऊल छताकडेच बघत राहिलं तर घोटा ताठ आहे.

"मी तर तासन्‌तास उकिडवा बसतो, माझा घोटा ताठ कसा?" हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. उकिडवं बसताना घोटा वरच्या बाजूला, नडगीकडे दुमडतो. माडावर चढणाऱ्या पाडेलीचाही तसाच. किकला लागतो तो त्याच्या उलट, बोटं लांब करून खाली वाकणारा. त्या दिशेची लवचिकता वज्रासनात मिळते. धावणारे, फुटबॉल खेळणारे आणि खूप सायकल मारणारे या बाबतीत हमखास मागे असतात.

उपाय सावकाश आहे. सतरंजीवर, घोट्यांखाली दुमडलेला टॉवेल घेऊन वज्रासनात बसा. अर्धा मिनिट, मग मोकळे व्हा, असं तीन-चार वेळा. हिसके द्यायचे नाहीत, वर-खाली उसळायचं नाही. गुडघा दुखला तर बसूच नका, त्याऐवजी खुर्चीत बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि हाताने पाऊल हळू खाली दाबा. फरक दिसायला काही आठवडे लागतात, रोज केलं तरच.

पाण्यात मात्र बोटं ताणून धरू नका. घोटा सैल सोडायचा. ताणून धरलेल्या पावलालाच गोळा येतो. किक मारताना पाऊल लोंबतं ठेवा, बोटं किंचित आत वळलेली, दोन्ही अंगठे एकमेकांजवळून जातील इतकी. पाण्याचा दाब पावलाला हवं तसं वाकवतो. गोळा आलाच तर थांबा, कठडा धरा, बोटं नडगीकडे ओढा आणि पोटरी चोळा. अंगावर काढून पुढे पोहू नका.

गुडघा: विहिरीची सवय

हा भाग मी सगळ्यांत सावकाश शिकवतो, कारण इथे आयुष्यभराची सवय बदलायची असते.

आपण पोहायला शिकलो ते कमरेला असोले सुके नारळ नाहीतर डबा बांधून, काठावरून काका किंवा मोठ्या भावाने दोर धरलेला. विहिरीचा घेर लहान. तिथे पुढे जायचं नसतं, वर राहायचं असतं. त्यासाठी पाय सायकलसारखे फिरवायचे, गुडघा पोटाकडे घ्यायचा आणि खाली लाथ द्यायची. वर राहायला ते उत्तम आहे, ते विसरू नका, कधी जीव वाचवेल. पण शरीर आडवं झालं की तोच गुडघा पोटाखाली येतो, मांडी उभी होऊन समोरच्या पाण्याला अडते आणि प्रत्येक लाथेला वेग मरतो.

तपासायला पाठीवर व्हा. हात डोक्यामागे लांब, पाय मारा आणि स्वतःचे गुडघे बघा. ते पाण्याबाहेर डोकावत असतील तर तुम्ही सायकल चालवताय. मोबाईलवर कुणी काठावरून, बाजूने, अर्ध्या मिनिटाचं चित्रण केलं तर आणखी बरं. आपल्याला वाटतं आणि जे घडतं त्यात फार अंतर असतं.

यावर "पाय सरळ ठेव" असं काठावरून ओरडणारे भरपूर असतात. त्याने सायकल थांबते आणि पाय लाकडासारखे ताठ होतात, म्हणजे एक दोष जाऊन दुसरा येतो. किकची सुरुवात कमरेच्या सांध्यातून. मांडी आधी खाली जाते, गुडघा मागे थोडा वाकलेला राहतो, मग नडगी आणि शेवटी सैल पाऊल खाली येऊन फटका मारतं. वर जाताना पाय जवळजवळ सरळ, आणि तो वर उचलायचा नितंबांनी आणि मांडीच्या मागच्या स्नायूंनी. लोक फक्त खालच्या फटक्याकडे लक्ष देतात. वरचा फटकाही तितकाच मनापासून मारायचा असतो, आणि कंबर वर राहते ती त्याच्यामुळे.

हे शिकायला सगळ्यांत चांगली जागा म्हणजे तीच विहीर. खोल, शांत पाण्यात अंग उभं ठेवा, हात छातीशी, आणि छोटी, जलद किक मारत हनुवटी पाण्यावर ठेवा. 15 ते 20 सेकंद मारा, मग कठड्याला धरून विश्रांती घ्या. गुडघे पुढे आणले तर शरीर मागेपुढे डुलेल, कमरेतून मारलं तर जागच्या जागी स्थिर राहाल. इथे शिक्षकाची गरज पडत नाही, पाणीच लगेच सांगतं. मात्र पोहता येणारं कुणीतरी पायरीवर हजर हवं आणि दोर आत सोडलेला हवा. एकट्याने विहिरीत उतरायचं नाही, कितीही पट्टीचे पोहणारे असलात तरी.

किक केवढी

दोन पावलांमधलं अंतर 30 ते 40 सेंटीमीटर पुरे. त्याहून मोठी झाली की पाय शरीराच्या सावलीतून बाहेर जातो आणि अडतो. टाच पाण्याचा पृष्ठभाग जेमतेम फोडेल. पाऊल हवेत गेलं की ते हवेलाच मारतं, आणि वर उडणारं पाणी म्हणजे वाया गेलेली ताकद.

श्वासाला पाय फाकतात

हे पायांचं दुखणं वाटतं, पण बहुतेक वेळा मूळ पुढच्या हातात असतं. श्वासाला वळताना पुढचा हात खाली दाबला किंवा डोक्यासमोरून पलीकडच्या बाजूला गेला, की शरीर गडगडायला लागतं आणि तोल सावरायला पाय आपोआप फाकतात. पायांना शिक्षा करून उपयोग नाही.

एका कुशीवर व्हा. खालचा हात पुढे लांब, वरचा मांडीला टेकलेला, नजर तळाकडे. सहा किक मारा, मग एक हात मारून दुसऱ्या कुशीवर, पुन्हा सहा. श्वास घेताना मान उचलायची नाही, फक्त वळवायची, एक डोळा पाण्यातच राहिला पाहिजे. पुढचा हात आपल्या खांद्यासमोर, रेषेत. हा सराव कंटाळवाणा आहे. पण फाकणाऱ्या पायांना याहून खात्रीचा इलाज मला सापडलेला नाही.

ताल

दोन हातांच्या एका फेरीत सहा किक मारणं हे जलद, कमी अंतराच्या पोहण्याला लागतं. सागरी स्पर्धेच्या लांब अंतराला बरेच जण एका फेरीत दोनच किक मारतात, एका हाताला एक, आणि दम राखतात. चिवल्याला उतरणाऱ्या नवख्यांना मी सांगतो, सहाची किक आधी तलावात नीट बसवा आणि मग अंतर वाढेल तशी ती कमी करा. सुरुवातीलाच दोनची धरली तर पाय झोपतात आणि कंबर पुन्हा खाली येते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. यातलं काहीही एकट्याने समुद्रात करून बघू नका. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा, आणि त्यानंतरही समुद्र शांत होईपर्यंत, सरावासाठी पाण्यात जाऊच नये. इतर दिवसांतही गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर समुद्रात आत खेचणारी पाण्याची ओढ फसवी असते, आणि सुधारलेली किक तिच्यापुढे काही करू शकत नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत आधी ओढीबाहेर पडा. जाल तेव्हा सोबत घेऊन, जीवरक्षकाला सांगून, ओहोटीची वेळ टाळून जा.

पैसे खर्च करण्याआधी

बोर्ड सगळेच वापरतात. पण बोर्डच्या पुढच्या टोकावर कोपर रेलून, डोकं वर काढून किक मारली तर पाठीत बाक येतो आणि वर सांगितलेला पहिलाच दोष घट्ट होतो. बोर्ड मागच्या कडेला धरा, हात लांब, तोंड पाण्यात.

फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) उपयोगी आहेत, पण कोणत्या ते बघा. मालवण-तारकर्लीला स्कूबावाल्यांकडे असतात त्या लांब, कडक फिन्स यासाठी नकोत. त्यांनी किक मोठी आणि संथ होते आणि घोट्यावर ताण येतो. आखूड, मऊ रबराच्या सरावाच्या फिन्स घ्या. त्या घोट्याला लांब व्हायला शिकवतात आणि कमरेतून मारलेली किक कशी लागते ते पायाला समजतं. सरावाचा थोडाच भाग त्यांच्यासह करा, नाहीतर काढल्या की पाय पुन्हा जुन्या सवयीवर येतात.

कुठे थांबायचं, कुणाकडे जायचं

डोकं, श्वास, घोटा, गुडघा हे सगळं क्रमाने तपासून तीन-चार आठवडे नियमित सराव केला आणि पुल बॉयच्या चाचणीत काहीच फरक पडला नाही, तर प्रशिक्षकाकडे जा. स्वतःचा दोष स्वतःला दिसत नाही अशी ती वेळ असते. पाण्याखालचं चित्रण करून दाखवणारा प्रशिक्षक मिळाला तर उत्तम.

खालच्या गोष्टींत प्रशिक्षकाचं काम नाही, सराव बंद करून डॉक्टर गाठा:

घोट्याचं हाड पूर्वी मोडलं असेल, किंवा पाऊल लांब करताना घोट्याच्या मागच्या बाजूला टोचत असेल, तर वज्रासन आणि फिन्स दोन्ही थांबवा. स्नायू ताठ असेल तर समोर ओढ जाणवते. मागे टोचतं तेव्हा हाड किंवा मऊ भाग चिमटीत सापडत असण्याची शक्यता असते, आणि ते ताणून बरं होत नाही.

गुडघ्याला सूज, किंवा कंबरेतून पायात उतरणारी कळ, मुंग्या, बधिरपणा.

एकाच पोटरीला सूज, ती गरम आणि दुखरी, विश्रांती घेऊनही न उतरणारी. याला गोळा समजून चोळत बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

25 मीटरमध्ये धाप लागण्याबरोबर छातीत दडपण, चक्कर किंवा डाव्या हातात दुखणं असेल तर त्याचा किकशी संबंध लावू नका. पाण्याबाहेर या आणि तातडीने रुग्णालयात जा.

डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे जाताना मोबाईलमधलं ते बाजूने घेतलेलं चित्रण सोबत न्या. नेमकं कुठे दुखतं, घोट्याच्या पुढे की मागे, पाऊल लांब करताना की दुमडताना, हे आधीच नीट बघून ठेवा. त्यांना सगळ्यात आधी तेच विचारायचं असतं.